खड्ड्यातल्या सह्या

पैलवान आयुष्यात एकदाही कुस्ती खेळला नव्हता. पण एकशे बत्तीस किलोच्या माणसाला दुसरं म्हणणार काय? ‘जाड्या’ म्हणणं बरं दिसेना, नावानं हाक मारण्यात मजा येईना, म्हणून कधीतरी कुणीतरी ‘पैलवान’ म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना म्हणायची, “आमचे पैलवान अजून आले नाहीत.”

काम लिफ्ट-दुरुस्तीचं. आता लिफ्टमध्ये पाटी असते, आठ माणसं म्हणून. पैलवान आत शिरला की बाकीचे पाटीकडे बघत आणि मग एकमेकांकडे. तोच मग हसून म्हणे, “या, या, लाजू नका. मी तीन धरा, अजून पाच मावतील.” लोक हसत आणि आत येत. आपली थट्टा आपणच आधी करून टाकली की दुसऱ्याला करायला फारशी उरत नाही, हे तो शाळेतच शिकला होता.

त्याच्या जोडीला होता काडी. नावाप्रमाणे काडीच, वारा आला तर खांबाला धरून उभा राहील असा. दोघं शेजारी उभे राहिले की दहाचा आकडा दिसतो, असं ऑफिसातले लोक म्हणत. चौदा वर्षांची जोडी. एक बडबड्या, दुसरा मुखदुर्बळ. बारा इमारती त्यांच्या वाट्याला होत्या आणि महिन्यातून एकदा प्रत्येक लिफ्टची तपासणी करायची असे. त्यात कामाची वाटणी न ठरवता ठरून गेलेली. पैलवान गच्चीवरच्या मशीनखोलीत. मोटर, ब्रेक, दोर बघायचे. काडी खाली, लिफ्टच्या तळाशी जो पुरुषभर खोल खड्डा असतो त्यात. तिथं उतरायला भिंतीला चिकटलेली अरुंद लोखंडी शिडी असते, आणि शिडी नि लिफ्टचा रूळ यांच्यामध्ये इतकी कमी जागा, की पैलवानाचं पोट तिथं अडकून राहिलं असतं. हे दोघांनाही माहीत होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात काडी म्हणाला होता, “तू वर जा. मला वर ऊन लागतं.” विषय संपला.

मग पैलवानाची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “गुडघे आधी जातील की डोळे, एवढंच आता बघायचं राहिलंय.” बाई गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि तेच कामाला आलं. घरी बायकोनं सगळं हातात घेतलं. तो जे खाईल तेच तीही खाणार, आणि तो जेवढं चालेल तेवढं तीही चालणार. पहिले दोन महिने त्याच्या पोटात नुसते कावळे ओरडत. नंतर कावळेही कंटाळले असावेत. दीड वर्षात एकशे बत्तीसचे शहाऐंशी झाले.

साखर आटोक्यात आली, गुडघे कुरकुरायचे थांबले. एवढं होईल हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. जे सांगितलं नव्हतं ते वेगळंच.

एक तर थंडी वाजायला लागली. भर दुपारी पैलवान स्वेटर घालून बसू लागला. दुसरं, माणसाला बसायची हाडं असतात, हे त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. लाकडी बाकावर दहा मिनिटं बसला की तो चुळबुळ करी. आजवर गादी अंगातच होती, ती गेली. लग्नातली अंगठी हात धुताना बोटातून निसटली आणि जाळीवर अडकली म्हणून वाचली. चेहरा असा उतरला की वय दहा वर्षांनी पुढे सरकलं. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली. ती तो कपड्याआड जपून ठेवी आणि बायकोसमोरही शर्ट पाठ फिरवून बदले. आणि दारातून शिरताना अजूनही आडवा व्हायचा. समोर दोन माणसं जातील एवढी जागा, आणि हा आपला खांदा पुढे करून, श्वास ओढून शिरतोय. शरीर बारीक झालं होतं, पण ही बातमी डोक्यापर्यंत पोचली नव्हती.

घोरणं थांबलं, तर त्याचा त्रास बायकोला. “तेवीस वर्षं त्या आवाजाच्या नावानं बोटं मोडली,” ती म्हणाली, “आता आवाज नाही म्हणून झोप नाही. सारखी नाकाशी हात धरून बघते, आहात ना म्हणून.”

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर तिला जिन्यात गाठून, आवाज अगदी खाली आणून विचारलं, “खरं सांग हं, रिपोर्ट काय आलेत? आपल्या माणसापासून लपवू नये.”

“काकू, ते मुद्दाम बारीक झालेत.”

“असंच म्हणायचं असतं,” काकू तिचा हात दाबत म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी फळं घेऊन आल्या.

याची पैलवानाला गंमतच वाटे. एका गोष्टीची मात्र वाटली नाही. त्यांच्या बारा इमारतींपैकी एक होती काचेची, मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांची. तिथली स्वागतकक्षातली बाई पूर्वी त्याच्याकडे बघत नसे. त्याच्या पलीकडे बघे. एकदा तर तिनं त्याला सामानाच्या लिफ्टनं जायला सांगितलं होतं, आणि काडीला काही म्हटलं नव्हतं. तो तेव्हा हसून म्हणाला होता, “बरोबर आहे बाई, सामानच आहे मी.” आता तीच बाई खुर्चीतून अर्धी उठून म्हणाली, “सर, पाणी देऊ का?” तिनं त्याला ओळखलंच नव्हतं.

पैलवानानं पाणी घेतलं. पण ग्लास न पिताच परत ठेवला. माणूस तोच, हत्यारांची पिशवी तीच, विनोदही तेच. मग आजवर ही माणसं कुणाला वागवत होती? त्या दिवसापासून त्याला चाळाच लागला. दुकानदार आता हसून बोलतो, म्हणजे आधी बोलत नव्हता. बसमध्ये शेजारची जागा भरते, म्हणजे आधी रिकामी राहायची. जुने अपमान, जे झाले तेव्हा त्यानं हसून उडवले होते, ते एकेक करून परत येऊ लागले आणि या खेपेला हसून जाईनात. तो चिडचिडा झाला. आणि माणूस चिडला की पहिला घाव जवळच्यावर बसतो.

काडीचं वागणं त्याला बरेच दिवस खुपत होतं. सकाळी दहाच्या चहाला काडी बेकरीतून गोड बन आणायचा, चार. त्यातले तीन पैलवानाचे. पैलवानानं बन सोडल्यावर काडी काही दिवस तोंड वळवून एकटा खात बसला, मग त्यानं आणायचंच बंद केलं.

“तू कशाला सोडलेस? तुझ्या अंगावर आहे काय कमी करायला?”

“एकट्यानं गिळत नाही,” काडी म्हणाला.

हे एक. दुसरं म्हणजे, पैलवानाला आता खड्ड्यात उतरायचं होतं. शिडीच्या त्या अरुंद जागेतून आपण जाऊ शकतो, हे त्याला एकदा बघायचंच होतं. “आज मी उतरतो, तू वर जा.” काडी म्हणाला, “राहू दे.” पुढच्या इमारतीत, “राहू दे, मला सवय आहे.” तिसऱ्यांदा तर काडी बोललाच नाही, नुसता शिडीकडे तोंड करून आडवा उभा राहिला.

पैलवानाच्या तोंडून निघून गेलं, “मी बारीक झालो ते तुला बघवत नाही, असंच ना? जाड्या होतो तोवर तुला बरा होतो!”

काडीनं त्याच्याकडे बघितलं. मग बॅटरी पेटवली. तो शिडीनं खाली उतरला. दिवसभर दोघं बोलले नाहीत. आणि दुसऱ्या दिवसापासून काडी रजेवर गेला. मुलगी बाळंत व्हायची होती, रजा महिन्याभरापूर्वीच टाकलेली. बोललेलं परत घ्यायचं तर समोर माणूस हवा, तोच नाही.

काडीच्या जागी दुसऱ्या टोळीतला एक माणूस आला. त्याची कंबर धरलेली, वाकता येईना. तो वर गेला आणि पैलवान पहिल्यांदाच खड्ड्यात उतरला.

उतरला खरा. शिडीवरून जाताना पोट मुळीच घासलं नाही, आणि आपण अजूनही श्वास ओढून धरलाय हे तळाला पाय टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण तो आनंद फार टिकला नाही. तळाला घोटाभर पाणी होतं, त्यावर काळ्या तेलाचा तवंग. वास असा, की तोंडानं श्वास घ्यावा लागे. लिफ्ट आदळू नये म्हणून तळाला बसवलेल्या बफरच्या स्प्रिंगा वाकून बघायच्या तर पाठ मागच्या रुळाला लागे, सरळ व्हायचं तर डोक्यावर लिफ्टचा तळ. कोपऱ्यात काहीतरी सळसळलं. त्यानं बॅटरी फिरवली; शेपूट तेवढं दिसलं. वरून आवाज नाही, शब्द नाही. वरचा माणूस मोबाईल बघत बसला असावा. पैलवान चांगलाच घाबरला. इथं काडी चौदा वर्षं उतरतोय, आणि वर येऊन कधी म्हणाला नाही, की खाली असं असतं!

मग बॅटरीच्या उजेडात भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेलं कार्ड दिसलं. तपासणीचं कार्ड. दर महिन्याला खड्ड्यात उतरेल त्यानं तारीख घालून सही करायची, आणि वर्ष संपलं की साहेब कार्ड बदलून घेतात. पैलवान सही करायला गेला आणि थबकला.

एका महिन्याला काडीची सही. पुढच्या महिन्याला त्याची स्वतःची. मग काडीची. मग पुन्हा त्याची.

त्यानं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. नाव त्याचंच होतं. अक्षर मात्र काडीचं. तिरकं, शाळकरी, शेवटच्या अक्षराला उगाच एक फाटा. कार्डाच्या माथ्यावर छापलेलं होतं: जोडीतल्या दोघांनीही आलटून पालटून उतरणे बंधनकारक आहे, उतरू न शकणाऱ्या कर्मचाऱ्यास तपासणीच्या कामावरून कमी केले जाईल.

पैलवानाला आठवलं. आठ वर्षांपूर्वी नव्या नियमांचं काहीतरी प्रशिक्षण होतं, तेव्हा तो गुडघा सुजून घरी पडला होता. काडी संध्याकाळी त्याचे नवे बूट नि हातमोजे घेऊन घरी आला होता. “काय सांगितलं रे?” असं विचारल्यावर म्हणाला होता, “नेहमीचंच. कामं नीट करा म्हणाले.”

त्या आठवड्यात पैलवान उरलेल्या इमारतींच्या खड्ड्यांतही उतरला. प्रत्येक ठिकाणी कार्ड, प्रत्येक कार्डावर एकाआड एक त्याची सही. काचेच्या इमारतीच्या खड्ड्यात तर त्यातली एक सही पाण्यानं फुटली होती आणि काडीनं ती पुन्हा गिरवली होती. ते बघून त्याचे डोळे भरून आले. पुसायला गेला तर हातांना ग्रीस. तसाच उभा राहिला, घोटाभर पाण्यात, काळ्या तोंडानं रडत.

ओळखलं नाही, पाणी विचारलं नाही, जागा दिली नाही, अशा लोकांचा हिशोब त्यानं महिनाभर मांडला होता. दुसरी बाजू बघायचं सुचलंच नव्हतं. घरातल्या हातांच्या खुर्च्या बायकोनं काढून बिनहाताचे बाक आणले, तेव्हा म्हणाली होती, वाळवी लागली होती. वाळवी? लोखंडी खुर्च्यांना? आणि न्हाव्याच्या दुकानातली एकुलती एक दणकट खुर्ची नेहमी त्याच्याच वेळेला बरी रिकामी असायची! कुणी सांगितलं नाही, कुणी उपकार दाखवला नाही. त्याला जागा करून देताना त्याची मान खाली जाऊ नये, एवढं बघितलं. तो घरी गेला आणि त्या दिवशी त्यानं शर्ट बायकोकडे तोंड करून बदलला.

“लोखंडाला वाळवी लागते का गं?” त्यानं विचारलं.

ती क्षणभर गोंधळली, मग हसू दाबत म्हणाली, “दहा वर्षांनी ट्यूब पेटली वाटतं!”

सोमवारी काडी कामावर आला. पिशवी खाली ठेवून बघतो तो लिफ्टचं दार उघडं आणि खड्ड्यातून उजेड येतोय. त्यानं वाकून बघितलं. खाली पैलवान.

काडी तिथंच उकिडवा बसला. मग म्हणाला, “बघितलंस?”

“कार्ड भिंतीवर होतं, डोळे मला होते.”

“म्हणून नको म्हणत होतो, उतरू नको.”

“आणि मी काय काय बोललो तुला.” पैलवान शिडीची पायरी धरून वर बघत होता. “अरे, मला सांगायचं तरी! मी दुसरं काम मागितलं असतं.”

“त्यासाठीच नाही सांगितलं.”

“नोकरी गेली असती तुझी.”

“गेली नाही ना?”

“पण का?”

काडीला एवढं बोलायची सवय नव्हती. त्यानं दाराची चौकट खरवडली, पिशवीचा पट्टा सारखा केला. “तू वरून बोलत असायचास,” तो शेवटी म्हणाला. “दोरांच्या भोकांतून तुझा आवाज थेट खाली येतो. कुणाच्या लग्नात काय झालं, साहेब काय म्हणाला, तुझी ती बेसूर गाणी. मला अंधाराची भीती वाटते रे. लहानपणापासून. तू वर आहेस म्हणून मी खाली उतरायचो. दुसरा कुणी जोडीला आला असता तर मी काय केलं असतं?”

पैलवानाला हसावं की रडावं कळेना. चौदा वर्षं ज्या बडबडीबद्दल घरीदारी सगळ्यांनी त्याला गप्प बस म्हटलं होतं, तिच्या जोरावर हा माणूस अंधारात उतरत होता.

“आणि बारीक झालास ते मला बघवत नाही असं नाही,” काडी म्हणाला. “चांगलं झालं. फक्त आवाज तेवढा बारीक होऊ देऊ नकोस.”

पैलवान वर आला आणि त्यानं काडीला मिठी मारली. पूर्वी त्यानं मिठी मारली की काडी आत दिसेनासा व्हायचा. आता पहिल्यांदाच दोघांची हाडं एकमेकांना टोचली.

“मुलगी कशी आहे?” पैलवानानं विचारलं.

“झाली. मुलगीच झाली. दोघी छान आहेत.”

“आणि हे तू आत्ता सांगतोस?”

“तू विचारलंस कुठं?”

तेव्हापासून ते खरोखरच आलटून पालटून उतरतात. पैलवानाची पाळी असली की काडी वर जातो. वर त्याला ऊन लागत नाही, हे आता दोघांनाही ठाऊक आहे. पण खाली एकट्याला कसं वाटतं ते माहीत असल्यामुळे तो बिचारा बोलायचा प्रयत्न करतो. आता मुळातच ज्याच्या आडात नाही त्याच्या पोहऱ्यात कुठून येणार? मग तो मशीनखोलीतल्या पाट्या वाचून दाखवतो. पैलवान खाली अंधारात वाकलेला असतो आणि सात मजल्यांवरून गंभीर आवाज येतो, “आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये.” थोड्या वेळानं, “ओल्या हाताने बटण दाबू नये.” पैलवान खालून दाद देतो, “वा! पुढे?”

वर्षअखेरीला साहेबांनी कार्डं गोळा केली. पैलवान समोर उभा. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेला होता, दोष स्वतःवर घेऊन. साहेबांनी शेवटच्या तीन महिन्यांच्या सह्या बघितल्या, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

“अक्षर सुधारलं तुमचं.”

“साहेब, त्याचं असं आहे की...”

“काही असं नाही. मी वर्षाला साडेतीनशे कार्डं बघतो. खड्डे सगळे वेळेवर तपासले गेले, एकही तक्रार नाही.” त्यांनी गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. “स्वेटर घालून उतरत जा. तुम्हाला हल्ली थंडी वाजते असं ऐकलं.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पैलवान नि त्याची बायको काडीच्या घरी बाळ बघायला गेले. काडीची मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली होती. चहा झाला, बाळ या हातातून त्या हातात गेलं आणि पैलवानाच्या हातात येऊन झोपलं. पैलवान काडीच्या बायकोला म्हणाला, “वहिनी, एक बोलायचं होतं. खड्ड्यातलं ते काळं तेल कपड्यांवरून निघत नाही, हे मला तीन महिन्यांत कळलं. तुम्ही आठ वर्षं माझ्याही वाटणीचं धुतलंत. मला माहीत नव्हतं हो.”

ती नवऱ्याकडे बघून हसली. “मला माहीत होतं. हे म्हणायचे, त्याला सांगायचं नाही. भाऊजी, आभार कसले मानता? पण निम्मे कपडे कमी झाले ते बरं झालं हं, खोटं कशाला बोलू!”

“म्हणजे ती निम्मी धुलाई माझ्या नशिबी आली ती अशी!” पैलवानाची बायको म्हणाली. “आणि मी आपली साबण बदलतेय. वहिनी, काय लावायचात तुम्ही त्या डागांना?”

“आधी रॉकेलचा बोळा फिरवायचा,” काडीची बायको पुढे सरकली, “आणि गरम पाणी अजिबात नाही.”

दोघी साबणावर घसरल्या. काडी नेहमीसारखा गप्प होता. पैलवान बाळ उठेल म्हणून दबक्या आवाजात काहीतरी सांगायला लागला, तर काडी म्हणाला, “जरा मोठ्यानं बोल. सवय होऊ दे तिलाही.”